रस्त्यावरचा पडदा : शहरी वस्त्यांतील मोफत चित्रपट-प्रदर्शनांचा आढावा

शहरातील गल्लीत, चाळीच्या चौकात, वस्तीलगतच्या मैदानात अथवा गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर तिकीट न लावता पडदा बांधावा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र बसून चित्रपट पाहावा, ही जी वहिवाट मुंबई-पुण्यासारख्या शहरांत स्वातंत्र्योत्तर काळात रुजली, मध्यंतरी जवळजवळ लोपली आणि अलीकडे पुन्हा दिसू लागली, तिच्यासंबंधी आज निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे निरनिराळ्या हेतूंनी बोलू लागली आहेत. सहज उचलून नेता येईल असा प्रोजेक्टर सामान्य मंडळाच्या आवाक्यात आला, एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडली, मल्टिप्लेक्सचे तिकीट चौघांच्या कुटुंबाला जड जाऊ लागले, आणि ज्याचा त्याचा चित्रपट ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जाऊन बसला. या साऱ्यांतून हा विषय पुन्हा चर्चेत आला. वाद वरकरणी तिकिटाचा दिसतो. चित्रपट फुकट दाखवावा की न दाखवावा, दाखविल्यास नुकसान कोणाचे, असे त्याचे स्वरूप वर्तमानपत्री चर्चेत असते. परंतु सर्व बाजूंचे युक्तिवाद आणि कायद्याच्या तरतुदी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे प्रस्तुत लेखकास असे वाटते, की मूळ अडचण तिकिटाच्या अलीकडची आहे. आपला कायदा चित्रपट पाहण्याच्या दोनच जागा ओळखतो, एक घर आणि दुसरी परवाना असलेले चित्रपटगृह. या दोहोंच्या मध्ये जी शेजाराची जागा आहे, तिची कायद्याच्या दफ्तरी फारशी नोंदच नाही. बाकीचे बहुतेक मतभेद या उणिवेतून निपजलेले आहेत. या आढाव्यात प्रथम त्या वहिवाटीची पूर्वपीठिका, नंतर तिच्याशी समांतर वाहिलेले प्रवाह, त्यापुढे कायद्याची चौकट, मग निरनिराळ्या पक्षांचे म्हणणे आणि शेवटी अनिर्णित राहिलेले मुद्दे, अशा क्रमाने हा विषय मांडावयाचा आहे.

पूर्वपीठिका

हिंदुस्थानात चित्रपट आला तोच तिकीट लावून. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली तेव्हा प्रवेशमूल्य एक रुपया होते, आणि त्या काळचा एक रुपया ही कष्टकरी माणसाच्या दृष्टीने केवढी रक्कम होती हे सांगावयास नको. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तोही तिकिटावरच. चित्रपट बंदिस्त, परवानाधारक इमारतीतच दाखविला जावा, हा जो दंडक पुढे पडला त्यामागे केवळ व्यापार नव्हता; त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ती विलक्षण ज्वालाग्राही होती, आणि प्रोजेक्टरच्या दिव्याची उष्णता लागून पेट घेतल्यास पाण्यानेही ती विझत नसे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात परवान्याची जी व्यवस्था लावून दिली, तिच्या मुळाशी प्रेक्षकांच्या जिवाची ही काळजी होती. ही गोष्ट विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की आगीच्या भयातून जन्मलेली ती चौकट, आगीचे मूळ कारण नाहीसे झाल्यावरही, जवळजवळ तशीच पुढे चालत आली.

चित्रपट रस्त्यावर येण्यास मोकळीक मिळाली ती सोळा मिलिमीटर फिल्ममुळे. १९२३ मध्ये बाजारात आलेली ही अरुंद फिल्म प्रारंभापासूनच न पेटणाऱ्या पदार्थावर तयार होत असे. तिचा प्रोजेक्टर एका माणसाला उचलता येई, साध्या मेजावर ठेवता येई आणि घरगुती विजेवर चालविता येई. ही यंत्रणा भाड्याने मिळू लागली त्या वेळी मुंबईच्या चाळींतून तिचे स्वागत करणारी संस्था अगोदरच सिद्ध होती, ती म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाचे मंडळ. १८९३ पासून गिरगावात आणि पुढे लालबाग-परळच्या गिरणगावात रुजलेल्या या मंडळांनी कीर्तन, व्याख्यान, मेळे, नाटक असा दहा दिवसांचा कार्यक्रम वर्गणीतून करण्याची रीत पाडलेली होती, आणि त्या यादीत चित्रपट येऊन बसणे हे स्वाभाविकच होते. गणेशोत्सवाखेरीज नवरात्र, सत्यनारायणाची पूजा, आंबेडकर जयंती अशा निमित्तांनीही पडदा लागू लागला.

त्या खेळांचे वर्णन ज्यांनी ते पाहिले त्या पिढीच्या तोंडून अजूनही ऐकावयास मिळते. रस्त्याच्या एका बाजूच्या गॅलरीपासून दुसऱ्या बाजूच्या खांबापर्यंत दोऱ्या बांधून पांढरे कापड ताणले जाई. जेवणे आटोपून माणसे चटया, सतरंज्या, गोणपाटे घेऊन खाली उतरत. बायका बहुधा गॅलरीतून किंवा जिन्याच्या पायऱ्यांवरून पाहत. आणि समोरची जागा भरली म्हणजे उरलेली मंडळी पडद्याच्या मागे बसत, जेथून चित्र उलटे दिसे, नायक डाव्या हाताने तलवार चालवी आणि श्रेयनामावलीतील अक्षरे आरशातल्यासारखी वाचावी लागत. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे रीळ संपले की दुसरे चढेपर्यंत खेळ थांबे, आणि त्या थांबलेल्या मिनिटांत चित्रपटाविषयी जे बोलणे होई, ते कोणत्याही चर्चासत्राहून कमी मोलाचे नसे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाद्रपदातल्या सरी आल्या म्हणजे यंत्रावर ताडपत्री आणि माणसांवर छत्र्या, एवढाच फरक पडे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की या खेळांना मोफत म्हणण्याची रीत असली तरी त्यांचा खर्च कोणीतरी करीतच होते. चित्रपटाचे आणि यंत्राचे भाडे वर्गणीतून जाई, म्हणजे ते सर्वांनी मिळून, ऐपतीप्रमाणे आणि अगोदरच दिलेले असे. दुसरी ही, की समोर बसलेला समाज परस्परांस ओळखणारा होता. चित्रपटगृहातील प्रेक्षक तिकीट काढून एकत्र येतो आणि दिवे लागताच विखुरतो. गल्लीतील प्रेक्षक सकाळी नळावर पुन्हा भेटे.

ही वहिवाट ओसरली ती एका कारणाने नव्हे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने मिळू लागला, आणि मंडळांनी पडद्याऐवजी मेजावर टीव्ही मांडून व्हिडिओ लावण्यास प्रारंभ केला. चित्र लहान झाले तसा समाजही आक्रसला. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून सुरू झालेल्या गिरणी संपाने ज्या कामगारवस्तीच्या वर्गणीवर हे सारे उभे होते तिचेच कंबरडे मोडले. नव्वदीच्या दशकात केबलने चित्रपट घरोघरी पोहोचविला. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी केली, तेव्हा रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे खेळ नियमाने अशक्य झाले, जरी ते व्यवहारात अगोदरच विरळ झाले होते.

समांतर प्रवाह

गल्लीतील पडद्याच्या जोडीने मोफत अथवा अल्पदरातील प्रदर्शनांचे आणखी तीन प्रवाह वाहत होते. त्यांतला पहिला सरकारी. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट व वार्तापट चित्रपटगृहांना प्रत्येक खेळापूर्वी दाखवावेच लागत. शिवाय क्षेत्रीय प्रचार खात्याच्या गाड्या खेड्यांतून आणि शहरांच्या सीमेवरील वस्त्यांतून फिरत, आणि कुटुंबनियोजन, आरोग्य, पंचवार्षिक योजना या विषयांवरील पट संध्याकाळी मैदानात दाखवीत. या खेळांना गर्दी होई, परंतु चित्रपटाची निवड सर्वस्वी सरकारकडे असे, आणि मोफत प्रदर्शन म्हणजे प्रचार, अशी जी एक समजूत आजही प्रशासनात व जनतेत आढळते, तिचे मूळ बहुधा येथे आहे.

दुसरा प्रवाह फिल्म सोसायट्यांचा. १९४७ मध्ये कलकत्त्यात सत्यजित राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली सोसायटी, १९५९ मध्ये रायांच्याच अध्यक्षतेखाली स्थापन झालेला सोसायट्यांचा राष्ट्रीय महासंघ, आणि मुंबईत १९६८ पासून कार्यरत असलेले प्रभात चित्र मंडळ, या परंपरेने महाराष्ट्राला जागतिक चित्रपटाची ओळख करून दिली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि त्याचे पी. के. नायर व फिल्म इन्स्टिट्यूटमधील सतीश बहादूर यांच्यासारख्यांनी चित्रपट-रसास्वादाचे जे शिक्षण दिले त्याचे ऋण मराठी समीक्षेवर मोठे आहे. मात्र सोसायटीचे प्रदर्शन सभासदांपुरते असे. सेन्सॉरच्या अटीतून मिळणारी सूटही त्याच मर्यादेवर अवलंबून होती. उत्तम चित्रपट आणि बंद दार हे या चळवळीला पत्करावे लागलेले जोडीचे वास्तव होते.

तिसरा प्रवाह माहितीपटकारांचा, आणि आजच्या चर्चेच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला, त्यास विरोध झाल्यावर ती मागे घेतली गेली, तरीही अनेक पट निवडीत वगळले गेले, तेव्हा माहितीपटकारांनी ‘विकल्प’ नावाने मुंबईतच समांतर महोत्सव भरविला. त्यातून पुढे जुहूच्या पृथ्वी हाउसमध्ये दरमहा मोफत माहितीपट दाखविण्याचा उपक्रम आकारास आला. २०१२ पासून फिल्म्स डिव्हिजननेही पेडर रोडवरील आपल्या वास्तूत ‘एफडी झोन’ या नावाने नियमित मोफत खेळ सुरू केले. आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ मुंबईच्या कामगार व दलित वस्त्यांत उघड्यावर दाखविला, म्हणजे ज्यांच्याविषयी तो होता त्यांच्याच अंगणात नेला. महाराष्ट्राबाहेर या विचाराने अधिक संघटित रूप घेतले. केरळात जॉन अब्राहम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उभारलेल्या ‘ओडेसा’ने गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून देणग्या जमविल्या आणि त्या पैशातून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ निर्माण केला. गोरखपूर येथे २००६ पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’ या नावाने, आणि कोलकात्यात पुढील दशकात पीपल्स फिल्म कलेक्टिव्हच्या वतीने, प्रायोजक न घेता केवळ प्रेक्षकांच्या वर्गणीवर महोत्सव भरू लागले. गिरणगावातील मंडळाचा वर्गणीचा मार्ग आणि या चळवळींचा मार्ग वस्तुतः एकच आहे, ही गोष्ट आजवरच्या चर्चेत पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

गोव्यात २००४ पासून स्थिरावलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात पणजीच्या अल्तिनो येथील जॉगर्स पार्कमध्ये व मिरामारच्या किनाऱ्यावर अलीकडच्या काही वर्षांत नागरिकांसाठी उघड्यावर मोफत खेळ झाले. ते सरकारी व्यवस्थेचे असले तरी प्रतिनिधिशुल्क भरलेल्या रसिकांपलीकडील समाजाला महोत्सवात जागा देतात, एवढी नोंद येथे पुरे.

कायद्याची चौकट

उघड्यावर चित्रपट लावू इच्छिणाऱ्या मंडळाला एकाच वेळी चार निरनिराळ्या व्यवस्थांशी गाठ घालावी लागते.

पहिली व्यवस्था कर्तृत्वहक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपट लोकांपर्यंत पोहोचविण्याचा हक्क निर्मात्याकडे, म्हणजे हक्कधारकाकडे, ठेवलेला आहे, आणि त्यात तिकीट लावले की नाही याने तत्त्वतः फरक पडत नाही. कलम ५२ मध्ये जे अपवाद दिले आहेत ते वाचताना एक विसंगती मनात भरते. हौशी मंडळाने पैसे न घेता नाटक किंवा संगीतरचना सादर केली तर ती अपवादात बसते. शाळा-महाविद्यालयात विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित माणसे यांच्यापुरता चित्रपट दाखविला तर तोही बसतो. गृहसंकुलाच्या सामायिक सभागृहात, किंवा नफा न करणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात, ध्वनिमुद्रण वाजविण्यासही मुभा आहे. परंतु त्याच सभागृहात त्याच शेजाऱ्यांनी मिळून चित्रपट पाहण्यासंबंधी अशी स्पष्ट मुभा आढळत नाही. ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, याचीही व्याख्या कायद्यात नाही. इंग्लंडमध्ये १९३६ साली खेड्यातील एका महिला मंडळाने सभासदांसाठी फुकट केलेला नाट्यप्रयोग न्यायालयाने सार्वजनिक ठरविला, आणि प्रेक्षकांचे नाते प्रयोग करणाऱ्यांशी काय आहे यापेक्षा ते हक्कधारकाशी काय आहे हे पाहावे, अशी कसोटी घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने केबलविषयक गरवारे प्रकरणात १९८९ मध्ये याच विचारसरणीचा आधार घेऊन, घरोघरी वेगवेगळे बसून पाहणारे ग्राहकही जनताच ठरतात, असा निर्णय दिला. ही कसोटी गल्लीला लावली तर गल्ली निश्चितपणे ‘जनता’ ठरते. मात्र शिक्षेच्या बाबतीत कायद्याने थोडी सौम्यता दाखविली आहे. कलम ६३ अन्वये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असली, तरी कृत्य व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय सबळ कारणे नमूद करून ती कमी करू शकते. अव्यापारी प्रदर्शनाला कायद्याने दिलेली ही एवढीच कबुली, आणि तीही गुन्हा शाबीत झाल्यानंतरची.

हक्काची मुदत हा या प्रकरणातील आशेचा भाग आहे. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे प्रभातचे पट आणि १९५३ चा ‘श्यामची आई’ यांची मुदत कधीच उलटून गेली आहे. गीते व संगीत यांचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालत असल्याने, पटाची मुदत संपली तरी त्यातील गाण्यांचे काय, असा प्रश्न उरतो. त्याहून व्यावहारिक अडचण अशी, की कायद्याने मोकळ्या झालेल्या चित्रपटाची चांगली, पाहण्याजोगी प्रत एखाद्या मंडळाला रीतसर कोठून मिळावी, याचा सरळ मार्ग नाही.

दुसरी व्यवस्था प्रमाणपत्राची. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनास प्रमाणपत्र हवे, आणि के. ए. अब्बास यांच्या मुंबईसह चार शहरांवरील लघुपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पूर्वपरीक्षणाची ही पद्धत वैध ठरविली. सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, परंतु तो महोत्सव व सोसायट्यांसाठी वापरला जातो. वस्तीतील मंडळ त्या दारापर्यंत सहसा पोहोचत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटचोरीविरुद्ध कडक शिक्षा आणल्या आणि ‘यूए’ प्रवर्गात वयाच्या पायऱ्या घातल्या. रस्त्यावर, जेथे सर्व वयाची मुले पुढच्याच रांगेत बसतात, तेथे या पायऱ्या कशा पाळावयाच्या हे कोणी सांगितलेले नाही.

तिसरी व्यवस्था जागेच्या परवान्याची. महाराष्ट्रात १९५३ च्या कायद्यान्वये परवाना नसलेल्या ठिकाणी प्रदर्शन करता येत नाही, आणि हा परवाना शहरांत पोलीस आयुक्तांकडून व इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. चौथी व्यवस्था रस्ता व आवाज यांची: मंडपास महानगरपालिकेची मंजुरी, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही ध्वनीची मर्यादा. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ध्वनिक्षेपकाची वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते, आणि बंद सभागृहास रात्रीची ध्वनिक्षेपकबंदी लागू होत नाही.

निरनिराळ्या पक्षांचे म्हणणे

निर्माते, वितरक आणि चित्रपटगृहांचे चालक यांचे म्हणणे प्रथम नोंदले पाहिजे, कारण त्यांची बाजू अनेकदा केवळ लोभाची म्हणून बाजूस सारली जाते, आणि तसे करणे न्याय्य नाही. मराठी चित्रपटाची कमाई मुळात मर्यादित असते. तो मल्टिप्लेक्समध्ये टिकवून ठेवण्यासाठी पहिल्या आठवड्यातील प्रत्येक प्रेक्षक मोलाचा असतो. आणि नवा चित्रपट चोरीच्या प्रतीवरून वस्तीत लावला गेला तर जे बुडतात त्यांत तंत्रज्ञ, गीतकार, छोटे निर्माते असतात. शिवाय परवाना, अग्निशमन, कर यांचा भार वाहणाऱ्या चित्रपटगृहाशेजारी विनापरवाना खेळ चालावा, हे त्यांना विषम स्पर्धेचे वाटते. या पक्षाने दाखविलेला मार्ग अव्यापारी प्रदर्शनाच्या ठरावीक शुल्काच्या परवान्याचा आहे, आणि इंग्लंड-अमेरिकेत ग्रंथालये व सामाजिक संस्था असा परवाना घेऊनच चित्रपट दाखवितात.

दुसऱ्या बाजूस जे आहेत त्यांच्या मते चित्रपट ही आता ग्रंथाइतकीच समाजाची ठेव झालेली आहे. ग्रंथाला सार्वजनिक ग्रंथालय मिळाले, राज्याने १९६७ मध्ये त्यासाठी कायदा केला, अनुदान दिले. चित्रपटाला मात्र तसे काहीच मिळाले नाही, अशी त्यांची तक्रार आहे. इटलीतील बोलोन्या शहरात तेथील चित्रपटसंग्रहालय उन्हाळ्यात नगराच्या मुख्य चौकात जुने-नवे चित्रपट मोफत दाखविते, तसे आपल्याकडे का होऊ नये, असा त्यांचा सवाल असतो. एकट्याने मोबाइलवर पाहणे आणि चारचौघांत पाहणे यांत गुणात्मक भेद आहे, आणि हसू व हुंदका सामायिक होणे हेच त्या कलेचे मूळ प्रयोजन आहे, असे ते मानतात.

माहितीपटकारांची भूमिका याहून निराळी आहे. त्यांना उत्पन्नाचे नुकसान होत नाही, कारण उत्पन्न जवळजवळ नसतेच. त्यांचा झगडा प्रमाणपत्राशी व परवानगीशी आहे. पोलीस यंत्रणेचे म्हणणे मात्र असे, की गर्दीची जबाबदारी शेवटी तिच्यावर येते आणि संवेदनशील विषयावर वस्तीत वाद उसळला तर जाब तिला द्यावा लागतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अडचण एवढीच, की परवानगी नाकारताना कारणे लेखी देण्याची शिस्त नसेल तर सावधगिरी आणि दडपण यांतील सीमारेषा दिसेनाशी होते.

फिल्म सोसायटीतील जुन्या कार्यकर्त्यांमध्ये एक विचार असा आहे, की ज्याने वर्गणी भरली तोच मन लावून पाहतो, आणि फुकटाच्या खेळाला येणारा प्रेक्षक मध्येच उठून जातो. याला उत्तर म्हणून सांगितले जाते, की मध्येच उठून जाण्याचे स्वातंत्र्य असल्यामुळेच जो एरवी आलाच नसता तो येऊन बसतो. प्रस्तुत लेखकाचा कल या दुसऱ्या मताकडे आहे, तरी खेळानंतरच्या चर्चेची जी शिस्त सोसायट्यांनी घालून दिली, ती वस्तीतील उपक्रमांनी उचलावी असे वाटते.

उरला तो ज्यांचे म्हणणे सर्वांत कमी ऐकले जाते असा पक्ष, म्हणजे त्याच गल्लीतील रहिवासी. आजारी माणसे, परीक्षार्थी मुले, पहाटे कामावर जाणारे कामगार यांना खिडकीखालच्या ध्वनिक्षेपकापासून सुटका नसते. तिकीट न काढण्याचा जो पर्याय चित्रपटगृहाबाबत असतो तो येथे नसतो. स्त्रियांचा प्रश्नही येथेच येतो. चाळीची गॅलरी ही एके काळी त्यांची हक्काची बैठक होती. टोलेजंग इमारतींच्या पायथ्याशी रात्रीच्या खेळाला बसणे त्यांना तितके सोयीचे नाही, आणि कर्णबधिर अथवा वृद्ध प्रेक्षकांच्या सोयीचा, उपशीर्षकांचा व बसण्याच्या व्यवस्थेचा विचार तर क्वचितच होतो.

या सर्वांना छेदून जाणारा मुद्दा खर्च कोण करतो हा आहे. वर्गणी घटली तशी मंडळांची भिस्त स्थानिक नेते, बांधकाम व्यावसायिक व जाहिरातदार यांच्यावर आली, आणि पडद्याच्या भोवती फलकांची दाटी झाली. अलीकडे काही चित्रपटांचे खेळच्या खेळ राजकीय कार्यकर्त्यांनी आरक्षित करून कार्यकर्त्यांना व नागरिकांना मोफत दाखविल्याचे सर्वच बाजूंनी घडले आहे. काहींच्या मते यात वावगे काही नाही, पूर्वीही दाते होतेच. काहींच्या मते जो पैसे देतो तो चित्रपट निवडतो आणि तेथेच शेजाराचा हक्क संपतो. वर्गणीची पद्धत आणि प्रायोजकाची पद्धत यांना एकाच ‘मोफत’ या नावाखाली घालणे हे चर्चेतील गोंधळाचे एक प्रमुख कारण आहे, असे येथे स्पष्ट नमूद केले पाहिजे.

अनिर्णित मुद्दे

पहिला प्रश्न कायद्याचा. ओळखीच्या रहिवाशांचा, नफ्याविना, आपल्याच आवारात जमलेला समाज हा कॉपीराइटच्या दृष्टीने जनता मानावा की कुटुंबाचा विस्तार, याविषयी आपल्याकडे थेट निर्णय दुर्मीळ आहेत. शिक्षणसंस्थेला जो अपवाद आहे तोच मर्यादित स्वरूपात नोंदणीकृत रहिवासी संघ व सार्वजनिक ग्रंथालये यांना द्यावा, परंतु प्रदर्शनापासून काही वर्षे लोटलेल्या चित्रपटांपुरताच, अशी तजवीज करता येण्याजोगी आहे. तीत निर्मात्याच्या पहिल्या कमाईला धक्का लागत नाही. ती हक्कधारकांना मान्य होईल की नाही, आणि काही वर्षे म्हणजे नेमकी किती, हे ठरलेले नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. आगीच्या भयातून आलेली परवान्याची पद्धत डिजिटल प्रोजेक्टरच्या काळात कोणत्या कारणासाठी चालू ठेवावयाची, गर्दीच्या सुरक्षिततेसाठी की आशयावरील नियंत्रणासाठी, हे शासनाने एकदा उघड सांगावयास हवे. महानगरपालिकांची समाजमंदिरे, शाळांची सभागृहे, नाट्यगृहांच्या तालमीच्या जागा संध्याकाळी पुष्कळदा रिकाम्या असतात. बंद सभागृहास ध्वनीच्या वेळेचे बंधन लागू नसल्याने रहिवाशांची तक्रारही तेथे उरत नाही. तरी उघड्या आकाशाखालील खेळाचे जे मोकळेपण, वाटसरूनेही क्षणभर थांबून पाहावे असे, ते चार भिंतींत मिळत नाही, आणि म्हणून हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

तिसरा प्रतींचा. मुदत संपलेल्या मराठी चित्रपटांच्या पुनरुज्जीवित प्रती राष्ट्रीय संग्रहालयाकडून माफक शुल्कात मंडळांना व ग्रंथालयांना मिळाव्यात, ही मागणी सर्व पक्षांना मान्य होण्यासारखी असूनही तिचा पाठपुरावा कोणी संघटितपणे केलेला दिसत नाही. शेजारधर्मावर बेतलेला १९४१ चा ‘शेजारी’ आज एखाद्या गल्लीत रीतसर लावावयाचा झाल्यास अडथळा कायद्याचा थोडा आणि प्रतीचा अधिक आहे.

चौथा प्रश्न पुराव्याचा, आणि इतर तिन्हींचा निकाल त्यावर अवलंबून आहे. कोणत्या वस्तीत कोणते चित्रपट किती वेळा लागले, त्यांचे भाडे काय पडले, निवड कोण करी, बायका-मुले किती येत, जवळच्या चित्रपटगृहाच्या धंद्यावर त्याचा परिणाम झाला की झाला नाही, यांविषयी दोन्ही बाजू आजवर आठवणींच्या आधाराने बोलत आल्या आहेत. ही माहिती अप्राप्य नाही. मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, उत्सवाच्या स्मरणिकांत, सोळा मिलिमीटरच्या भाडेदारांच्या पावतीपुस्तकांत आणि ज्यांनी रात्र रात्र यंत्रे चालविली त्या ऑपरेटरांच्या स्मरणात ती विखुरलेली आहे. ऑपरेटरांची ती पिढी आता उतारवयात आहे, आणि पुनर्विकासात चाळ पडली की मंडळाची कपाटेही बहुधा रद्दीत जातात. मुंबईतील जुन्या ग्रंथसंग्रहालयांनी व विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी गिरगाव ते परळ एवढ्या पट्ट्यातील मंडळांपासून ही कागदपत्रे मिळविण्यास आणि या माणसांच्या मुलाखती लिहून घेण्यास आरंभ करावा. पुढच्या आढावाकाराला त्यामुळे अनुमानाऐवजी नोंदींवर बोलता येईल.